शेंडेफळाचे पुस्तक आणि मधली लिओनी

आपल्या भाषेत घरातल्या पहिल्या अपत्यासाठी ‘थोरला’ हा भारदस्त शब्द आहे, शेवटच्यासाठी ‘शेंडेफळ’ हा लाडिक शब्द आहे. मधल्यासाठी मात्र ‘मधला’ यापलीकडे भाषेने फारशी तसदी घेतलेली दिसत नाही. लिझ्यूच्या संत तेरेजेचे ‘एका आत्म्याची कथा’ हे आत्मचरित्र अलीकडे पुन्हा वाचताना ही गोष्ट सारखी मनात येत राहिली. हे पुस्तक आपल्यापैकी अनेकांनी तरुणपणी, कुणाच्या तरी आग्रहावरून किंवा एखाद्या रिट्रीटच्या निमित्ताने वाचलेले असते. गुलाबाची फुले, लहानपणाचा मार्ग, चोविसाव्या वर्षी आलेले मरण, एवढे त्यातले मनात उरते. या खेपेस मी ते संतचरित्र म्हणून बाजूला ठेवले आणि एका कुटुंबाचा दस्तऐवज म्हणून वाचले. तसे वाचताच त्यातला एक चेहरा, जो पूर्वी कधी नीट दिसलाच नव्हता, तो दिसू लागला. ती जिथे आहे तिथे तर दिसलाच, पण जिथे ती असायला हवी होती आणि नाही, तिथे अधिकच दिसला. हा चेहरा तेरेजेच्या तिसऱ्या बहिणीचा, लिओनीचा.

आईबाप मुलांना त्यांच्या क्रमाप्रमाणे वेगवेगळे वागवतात का, हा प्रश्न घराघरांत विचारला जातो. मुले तो रागाने विचारतात, आईबाप तो झटकून टाकतात. मार्टीन कुटुंबाइतके त्याचे तपशीलवार उत्तर देणारे दुसरे कुटुंब माझ्या वाचनात नाही. एका बाजूला धाकट्या मुलीने लिहिलेले आत्मचरित्र आहे. दुसऱ्या बाजूला आईने, म्हणजे झेली मार्टीनने, भावाला, वहिनीला आणि बोर्डिंगमधल्या मुलींना रात्री उशिरा काम आटोपून लिहिलेली दोनशेहून अधिक पत्रे जपली गेली आहेत. या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून वाचायच्या असतात. आपण मात्र बहुधा पहिलीच वाचतो.

घराची माहिती आधी सांगतो. घड्याळजी लुई मार्टीन आणि लेस विणण्याचा स्वतःचा व्यवसाय चालवणारी झेली यांचा विवाह फ्रान्समधील अलाँसों या गावी जुलै १८५८ मध्ये झाला. त्यांना नऊ अपत्ये झाली. मारी १८६० ची, पोलीन १८६१ ची, लिओनी १८६३ ची, एलेन १८६४ ची. त्यानंतर योसेफ नावाचे दोन मुलगे झाले. एक १८६७ मध्ये आणि दुसरा १८६८ मध्ये, दोघेही वर्षाचे होण्याआधीच गेले. १८६९ मध्ये सेलीन जन्मली. १८७० च्या फेब्रुवारीत पाच वर्षांची एलेन वारली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जन्मलेली मेलानी-तेरेज ऑक्टोबरात गेली. शेवटी २ जानेवारी १८७३ रोजी आपली तेरेजा जन्मली. म्हणजे जन्माच्या हिशेबाने ती नववी, पण घरातल्या हिशेबाने पाचवी. हा दुहेरी हिशेब लक्षात ठेवावा लागतो. मुलाचा क्रम बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत एक असतो आणि जेवणाच्या टेबलाशी दुसरा असू शकतो.

आता याच हिशेबात लिओनीला बसवून पाहा. तिच्या आधीच्या दोघी, मारी आणि पोलीन, यांच्यात दीड वर्षाचे अंतर; दोघींची जोडी जमली. १८६८ च्या शरदात त्या दोघी ल माँ येथील व्हिजिटेशन मठाच्या शाळेत, तिथे संन्यासिनी असलेल्या मावशीच्या देखरेखीखाली राहायला गेल्या. लिओनीच्या पाठची एलेन ही तिची जोडीदारीण होती; लिओनी सहा वर्षांची असताना ती गेली. पुढे सेलीन आणि तेरेजा यांची जोडी झाली. अशा रीतीने दोन जोड्यांच्या मध्ये एक मुलगी एकटी उरली. ती तान्हेपणापासून आजारी, अंगभर इसबाने त्रासलेली, अभ्यासात मागे, स्वभावाने हट्टी. तिला मावशीच्या शाळेत पाठवण्याचे प्रयत्न झाले आणि दर वेळी तिला परत आणावे लागले. १८६५ मध्ये, लिओनी दोन वर्षांचीही नसताना, झेलीने औषधशास्त्र शिकणाऱ्या आपल्या भावाला स्तनातल्या गाठीविषयी लिहिले होते. तीच गाठ पुढे तिचा जीव घेणार होती. लिओनीच्या वाट्याला जी आई आली ती चार वर्षांत चार शवपेट्या पाहिलेली, कारागिरांची देणी-घेणी सांभाळणारी, दुखणे अंगावर काढणारी आई होती. मारीच्या वाट्याला आलेली आई वेगळी होती. तिचे नावही झेलीच होते, एवढेच.

एकाच आईबापाची मुले एकाच घरात वाढतात हा आपला भ्रम आहे. भिंती त्याच असतात, घर बदललेले असते.

झेलीच्या पत्रांत तिच्या स्वतःच्या बालपणाचा उल्लेख येतो तो वाचताना काळजात चर्र होते. ती स्वतः मधली. थोरली बहीण पुढे संन्यासिनी झाली, धाकटा भाऊ इसिदोर हा आईचा लाडका. आपले बालपण प्रेतवस्त्रासारखे उदास गेले, असे ती त्याच भावाला कळवते; आईने त्याचे लाड केले आणि आपल्यावर कडकपणा केला, हेही सांगते. तिला आयुष्यात कधी साधी बाहुलीही मिळाली नव्हती. विशेष म्हणजे हे सांगताना भावाविषयी कडवटपणा नाही. उलट त्याच्यावर तिचा फार जीव होता. तरी ती हे विसरली नाही. तिशी उलटलेली, संसारात रमलेली बाई आईने न दिलेल्या बाहुलीची आठवण काढते, यात मला तरी अतिशयोक्ती वाटत नाही. अशी आठवण बाळगणारी आई आपल्या मधल्या मुलीविषयी अधिक जागरूक राहील अशी आपली अपेक्षा असते. झेली तशी होतीही. तिच्या पत्रांत लिओनीविषयीची चिंता पुनःपुन्हा येते. या मुलीचे पुढे कसे होणार, आपल्यामागे हिला कोण सांभाळणार, हा प्रश्न तिला झोपू देत नव्हता. पण आईची चिंता आणि आईचा सहवास या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. मनातले गुज ती पोलीनला लिहीत असे. लिओनीविषयी ती इतरांना लिहीत असे. हा फरक पत्रे वाचताना चटकन ध्यानात येतो आणि मग मनातून जात नाही.

मधल्या काळात काय घडत होते ते १८७७ साली उघडकीस आले. घरातली मोलकरीण लिओनीला धाकात ठेवून होती. मुलीने तिच्याखेरीज कुणाचेच ऐकू नये अशी तिने व्यवस्था केली होती, आणि आईला वाटत होते की मुलगीच दुरून वागते. हे ओळखले थोरल्या मारीने. कळताच झेलीने लिओनीला पंखाखाली घेतले आणि मुलगी काही आठवड्यांत बदलू लागली. त्याच सुमारास ल माँची मावशी मरणशय्येवर होती. लिओनीने तिला पत्र लिहून एकच मागणे मागितले होते: स्वर्गात गेल्यावर मला खरीखुरी संन्यासिनी होण्याची कृपा मिळवून दे. आईला या पत्राचे नवल वाटले. चौदा वर्षे पोटाशी असलेल्या मुलीच्या मनात काय आहे ते तिला पत्रातून कळले. आणि नीट ओळख होते न होते तोच, २८ ऑगस्ट १८७७ रोजी, झेली पंचेचाळिसाव्या वर्षी वारली. लिओनीला तिची आई जेमतेम काही महिने मिळाली.

यातले जवळजवळ काहीच तेरेजेच्या पुस्तकात नाही, आणि त्यात तिचा दोष नाही. ती तेव्हा साडेचार वर्षांची होती. मला येथे तेरेजेवर ठपका ठेवायचा नाही, तर आपल्या वाचनावर ठेवायचा आहे. शेंडेफळाने पाहिलेले घर हेच संपूर्ण घर, असे आपण धरून चाललो.

पुस्तकातला एक प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. प्रवचनांतून तो शेकडो वेळा सांगितला गेला असेल. लिओनी एके दिवशी बाहुलीचे कपडे, कापडाचे तुकडे आणि वर बाहुली ठेवलेली एक टोपली घेऊन येते. आपण आता बाहुल्यांशी खेळण्याइतक्या लहान राहिलो नाही असे तिला वाटलेले असते. धाकट्या दोघींनी काय हवे ते निवडून घ्यावे, असे ती सांगते. सेलीन विचार करून आवडलेली एक लहानशी वस्तू उचलते. तेरेजा आपल्याला सगळेच हवे असे सांगून टोपलीच उचलते आणि चालू लागते. मोठेपणी तेरेजेने या प्रसंगात आपल्या सबंध आयुष्याचे सार पाहिले: परमेश्वराजवळही आपण अर्धेमुर्धे काही मागितले नाही, सगळेच निवडले. हे वाचून प्रवचनकार गहिवरतो आणि श्रोतेही. तो गहिवर खोटा नाही. पण या प्रसंगात तीन मुली आहेत. एकीने सगळे घेतले, एकीने थोडे घेतले आणि एकीने दिले. जिने दिले तिच्याविषयी प्रवचनात मी एक शब्दही कधी ऐकला नाही. ज्या घरच्या आईला लहानपणी एकही बाहुली मिळाली नव्हती, त्या घरच्या मधल्या मुलीने आपली बाहुली टोपलीत ठेवून धाकट्यांपुढे धरली, हे मनात आणल्यावर या दृश्याचा प्रकाश दुसरीकडून पडू लागतो. शेंडेफळाला सगळे निवडता येते, कारण कुणीतरी आधी टोपली भरून आणलेली असते.

दुसरा प्रसंग आईच्या दफनाच्या दिवसाचा. पाचही बहिणी एकत्र उभ्या आहेत, एकमेकींकडे उदासपणे पाहत आहेत. तुम्हाला आता आई नाही, असे मोलकरीण म्हणते. ते ऐकताच सेलीन मारीच्या गळ्यात पडते आणि तिला आपली आई ठरवते. तेरेजा एरवी सेलीनचे अनुकरण करणारी. पण पोलीनला वाईट वाटेल असे मनात येऊन ती पोलीनच्या कुशीत शिरते. दोन थोरल्या, दोन धाकट्या. दोन आया, दोन लेकरे. हिशेब जुळला. चौदा वर्षांची लिओनी या हिशेबात कुठेच नाही. ती आई होण्याइतकी थोरली नव्हती आणि लेकरू होण्याइतकी धाकटी नव्हती. तेरेजेने हा प्रसंग अत्यंत कोमलपणे लिहिला आहे आणि पाच जणी उपस्थित होत्या हे प्रामाणिकपणे नोंदवले आहे. पाचवीचे काय झाले, हा प्रश्न मात्र लेखिकेला पडत नाही. माझ्या मते सबंध पुस्तकातली सर्वांत बोलकी जागा ही आहे, आणि ती लेखिकेच्या नकळत बोलकी झालेली आहे.

न्यायाने सांगायचे तर तेरेजेने लिओनीला अजिबात विसरलेले नाही. सगळे कुटुंब संध्याकाळी फिरायला जात असे तेव्हा लिओनी घरी राहून आपल्याला सांभाळी आणि निजवण्यासाठी गाणी म्हणे, ती गाणी अजून कानात आहेत, असे ती कृतज्ञतेने लिहिते. मी हे वाक्य वाचून थांबलो. सगळे कुटुंब फिरायला गेले आहे. घरी कोण राहिले आहे? हे लिहिणारा स्वतः भावंडांतला तिसरा असल्यामुळे कदाचित या वाक्यावर जरा जास्त रेंगाळतो आहे. असो.

आता पुस्तकाच्या गाभ्याकडे वळतो. तेरेजेचा ‘लहान मार्ग’ हा तिच्या विचाराचा केंद्रबिंदू मानला जातो. १९९७ साली तिला ख्रिस्तसभेची आचार्या घोषित करण्यात आले ते त्याच्याच बळावर. त्या मार्गाची सर्वांत प्रसिद्ध प्रतिमा लिफ्टची आहे. १८८७ मध्ये वडील आणि सेलीन यांच्यासह ती रोमच्या यात्रेला गेली, त्या प्रवासात तिने लिफ्ट पाहिली. पूर्णत्वाचा उंच जिना चढण्याइतकी शक्ती आपल्यात नाही, तेव्हा येशूचे बाहू हीच आपली लिफ्ट, असे ती १८९७ मध्ये, मरणाला काही महिने असताना लिहिते. या लिफ्टच्या मागे एक खराखुरा जिना आहे. झेलीच्या एका पत्रात लहानग्या तेरेजेचे वर्णन आहे: ती घरातला जिना चढताना प्रत्येक पायरीवर आईला हाक मारते, जितक्या पायऱ्या तितक्या हाका, आणि एखाद्या हाकेला ‘ओ’ देण्याचे आई विसरली तर ती तिथेच उभी राहते, पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही. तेरेजेने आपल्या आत्मचरित्रात हा मजकूर स्वतःच उद्धृत केला आहे.

प्रत्येक पायरीला ‘ओ’ मिळणे हे शेवटच्या मुलाचे भाग्य असते. घरात तोवर मोठ्या बहिणी आलेल्या असतात, आईबाप पहिल्या धास्तीतून सुटलेले असतात, बापाला वेळ असतो. वडील लुई यांनी १८७० मध्ये आपले घड्याळांचे दुकान विकून टाकले होते. तेरेजेला फिरायला नेणारा, तिला आपली ‘राणी’ म्हणणारा बाप हा दुकान विकून मोकळा झालेला बाप होता. वडिलांनी प्रत्येक मुलीला लाडके नाव दिले होते. मारी हिरा, पोलीन मोती, सेलीन निर्भय, तेरेजा राणी. आणि लिओनी ‘चांगली लिओनी’. नावे देताना कुणी मापटे घेऊन बसत नाही हे खरे. तरी हिरा, मोती आणि राणी यांच्या पंक्तीत ‘चांगली’ हा शब्द कसा वाटतो, हे मधल्या मुलांना विचारावे.

तेव्हा लहान मार्ग हा शेंडेफळाचा अध्यात्मविचार आहे, असे म्हटले तर ते त्याला कमी लेखणे होणार नाही. कोणताही विचार कुठल्या तरी पायरीवरून सुचतो. उचलून घेतले जाण्याचा अनुभव ज्याला भरपूर मिळाला आहे त्यालाच देव उचलून घेईल हे इतक्या सहजपणे लिहिता येते. प्रश्न पुढचा आहे. ज्याला कुणी उचलले नाही त्याने हे पुस्तक कसे वाचावे?

या प्रश्नाला एका पत्रात जवळजवळ थेट उत्तर आहे, आणि ते पत्र लिओनीलाच लिहिलेले आहे. लिओनीने १८८६ मध्ये अलाँसोंच्या क्लारा-संन्यासिनींच्या मठात प्रवेश केला आणि दोन महिन्यांत ती परतली. १८८७ मध्ये काँ येथील व्हिजिटेशन मठात गेली, पुन्हा परतली. १८९३ मध्ये तिथेच पुन्हा गेली, १८९५ मध्ये पुन्हा परतली. तिच्या चारही बहिणी तोवर लिझ्यूच्या कार्मेल मठात स्थिरावल्या होत्या आणि ती मामाच्या घरी राहत होती. अशा स्थितीत १२ जुलै १८९६ रोजी तेरेजेने तिला लिहिले. आईचे मन दुखावणाऱ्या लहान मुलाची उपमा तिने त्यात दिली आहे: ते मूल शिक्षेच्या भीतीने कोपऱ्यात रुसून रडत बसले तर आई त्याला क्षमा करणार नाही, पण हसत हात पसरून पापा मागायला आले, पुन्हा असे करणार नाही म्हणाले, तर आई त्याला छातीशी धरल्याशिवाय राहणार नाही.

पत्र गोड आहे आणि लिहिणारीचा हेतू निर्मळ आहे. तरी एकदा लिओनीच्या जागी बसून ते वाचावे. हात पसरले की आई उचलते, हा तेरेजेच्या बालपणीचा रोजचा अनुभव. लिओनी लहानपणी नेमकी ते कोपऱ्यातले मूल होती; हात पसरायला गेली असती तर मोलकरणीचा धाक आड येत होता. तिच्या मनात काय चालले आहे हे कोपऱ्यात जाऊन कुणी पाहिले नाही. पाहिले तेव्हा आईजवळ थोडेच महिने उरले होते. पत्रातला उपदेश कोपऱ्यातल्या मुलाला उठून येण्यास सांगतो. आईने कोपऱ्यात जावे, हे मात्र तो सांगत नाही. या एका जागी मला तेरेजेची प्रतिमा अपुरी वाटते. लूकच्या पंधराव्या अध्यायातला बाप धाकट्यासाठी धावत जातो हे आपल्याला पाठ असते. तो थोरल्यासाठीही मेजवानी सोडून अंगणात बाहेर येतो, हे आपण वाचतो आणि विसरतो. त्या बापाला दोन्ही मुलगे जिथे होते तिथे जावे लागले होते.

या पुस्तकाच्या निर्मितीतही भावंडांचा क्रम आहे, याकडे समीक्षकांनी अधिक लक्ष द्यायला हवे. बालपणीच्या आठवणी तेरेजेकडून लिहवून घ्याव्यात ही कल्पना थोरल्या मारीची. तशी आज्ञा दिली ती दुसरी, पोलीन हिने. ती तेव्हा मठाधिकारिणी होती. पहिले हस्तलिखित पोलीनला उद्देशून, दुसरे मारीला उद्देशून. तेरेजेच्या मृत्यूनंतर बरोबर एका वर्षाने, ३० सप्टेंबर १८९८ रोजी, पुस्तक प्रसिद्ध झाले तेही पोलीनने हात फिरवून, हजारो ठिकाणी शब्द बदलून. मूळ हस्तलिखिते जशीच्या तशी वाचकांसमोर आली ती १९५६ साली. म्हणजे धाकटीने थोरल्यांना आवडेल अशा घराचे चित्र काढले आणि थोरलीने त्यावर शेवटचा हात फिरवला. लिओनीच्या नावे हस्तलिखित नाही, पत्रे आहेत.

यावर एक आक्षेप हमखास येईल, आणि तो मनापासून येईल. २००८ मध्ये धन्य आणि १८ ऑक्टोबर २०१५ रोजी संत घोषित झालेल्या या दांपत्याविषयी असे लिहावे काय? त्यांनी मुलांत भेदभाव केला असे सुचवावे काय? माझे उत्तर असे की त्यांनी भेदभाव केला नाही, हीच या कथेची खरी अडचण आहे. दुष्ट आईबापांची गोष्ट सोपी असते. येथे दोन सज्जन, श्रद्धावान माणसे प्रत्येक मुलीवर मनापासून प्रेम करीत होती, आणि तरीही पाच मुलींना पाच वेगळी बालपणे मिळाली.

अलीकडच्या अभ्यासांतून हेच निराळ्या वाटेने पुढे आले आहे. मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड आडलर, जो स्वतः घरातला दुसरा मुलगा होता, त्याने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात थोरला सिंहासनावरून उतरवलेला, धाकटा लाडावलेला असे साचे मांडले आणि ते लोकप्रिय झाले. २०१५ मध्ये अमेरिका, ब्रिटन व जर्मनी येथील वीस हजारांहून अधिक लोकांच्या माहितीवरून झालेल्या अभ्यासात जन्मक्रमाने स्वभाव ठरतो या समजुतीला फारसा आधार मिळाला नाही. तेव्हा ‘मधला म्हणजे हट्टीच’ अशी भाकिते करू नयेत हे बरे. पण आईबापांच्या वागण्यात फरक पडतो, हे मात्र दिसते. जोसेफ प्राइस यांनी २००८ साली अमेरिकेतील कुटुंबांविषयी दाखवून दिले की पहिल्या मुलाला, त्याच वयाच्या दुसऱ्या मुलाच्या तुलनेत, आईबापांचा दररोज सुमारे वीस ते तीस मिनिटे अधिक सहवास मिळतो. कारण मोठे मार्मिक आहे. आईबाप कोणत्याही एका दिवशी सर्व मुलांना सारखाच वेळ देऊ पाहतात. पण मुले वाढत जातात तसा एकूण वेळच आटत जातो. दररोज समान वाटूनही वर्षांच्या हिशेबात वाटणी असमान होते. आपल्या देशापुरते बोलायचे तर सीमा जयचंद्रन आणि रोहिणी पांडे यांचा २०१७ चा अभ्यास अधिक बोचरा आहे. भारतीय मुलांची उंची आफ्रिकेतील मुलांच्या मानाने कमी पडते ती पहिल्या अपत्यात नाही. ती तूट दुसऱ्यापासून दिसू लागते आणि पुढच्या क्रमांकांत वाढत जाते. थोरल्या मुलाला दिले जाणारे झुकते माप हे त्याचे एक मुख्य कारण त्यांनी मांडले आहे. थोरल्याचा मान हा आपल्याकडे केवळ शब्दांत नसून ताटातही वाढला जातो.

आपल्या गावांतल्या मागच्या पिढीत थोरल्या मुलीने शाळा सोडून धाकट्यांना कडेवर घ्यायचे आणि त्याच धाकट्यांनी पुढे पदवीधर व्हायचे, अशी घरे कमी नव्हती. त्या घरांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिका निघतात तेव्हा बहुधा लेख लिहितो तो पदवीधर धाकटा. तो आईवडिलांविषयी खरे तेच लिहितो. फक्त ते त्याच्या पायरीवरून दिसलेले खरे असते.

लिओनी २८ जानेवारी १८९९ रोजी चौथ्यांदा मठाच्या दाराशी गेली. ती तेव्हा पस्तीस वर्षांची होती आणि धाकट्या बहिणीचे पुस्तक निघून चार महिने झाले होते. या वेळी ती परतली नाही. काँ येथील व्हिजिटेशन मठात ती सिस्टर फ्रान्स्वाज-तेरेज या नावाने बेचाळीस वर्षे राहिली आणि जून १९४१ मध्ये वारली. तिला धन्य घोषित करण्याची प्रक्रिया २०१५ मध्ये सुरू झाली, म्हणजे ज्या वर्षी तिचे आईवडील संत झाले त्याच वर्षी. तत्पूर्वी, १९१५ मध्ये, तेरेजेच्या संतपदाच्या चौकशीत साक्ष देण्यासाठी तिला लिझ्यूच्या कार्मेल मठात बोलावण्यात आले होते. धाकटीच्या बालपणाविषयी जे काही विचारले गेले ते तिने सांगितले. मग ती काही दिवस मारी, पोलीन आणि सेलीन यांच्यासह त्या मठात राहिली आणि काँला परत गेली.